मोफत गाभा आणि सशुल्क जोडणी

वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीसाठी प्लगिन (सुविधा वाढवणारे जोड-सॉफ्टवेअर) बनवणाऱ्या छोट्या कंपनीने पैसे कसे कमवावेत, या चर्चेत एक सूचना आली आहे: मोफत प्लगिनमधील काही सुविधा कुलूपबंद ठेवून त्यांची परवाना-किल्ली विकावी. वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगिन-संग्रहात तो मार्ग बंद आहे, कारण तेथील नियमांनुसार कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याशी सुसंगत असावा लागतो आणि पैसे भरल्यावरच उघडणारी सुविधा त्यात ठेवता येत नाही. म्हणून सशुल्क भाग वेगळे प्लगिन म्हणून स्वतःच्या संकेतस्थळावरून द्यावा लागतो आणि तो सहसा मोफत गाभ्यातील (मूळ मोफत प्लगिनमधील) हुकांवर, म्हणजे बाहेरचा कोड जोडण्यासाठी ठेवलेल्या जागांवर, बसवला जातो. छोट्या कंपनीची खरी कसोटी येथे लागते: एकदा जाहीर केलेल्या फिल्टरचे (माहिती बदलू देणाऱ्या हुकचे) नाव बदलले, की स्वतःचे विक्रीचे उत्पादन आणि अनोळखी विकसकांनी लिहिलेल्या जोडण्या एकाच वेळी मोडतात. त्यामुळे गाभ्यात काय घालायचे हे विक्रीपेक्षा देखभालीच्या हिशेबाने ठरवावे, असे माझे मत आहे.

सशुल्क कोडची नक्कल होण्याची भीतीही व्यक्त झाली आहे. जीपीएल विक्रीला मनाई करत नाही, मात्र ग्राहकाला पुनर्वितरणाचा हक्कही देते. म्हणजे ग्राहक पैसे देतो ते मुख्यतः अद्यतनांचे आणि मदतीचे. वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचे प्लगिन स्वतःच २०११ मध्ये जिगोशॉप या दुसऱ्या प्लगिनच्या फोर्कमधून (कोडची प्रत घेऊन केलेल्या वेगळ्या विकासातून) उभे राहिले (जिगोशॉपचे दोन विकसकही तिकडे गेले, हे विसरू नये), गाभा मोफत ठेवून एक्स्टेन्शन (सशुल्क जोडण्या) विकत वाढले, आणि २०१५ मध्ये वर्डप्रेस.कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिकने वूकॉमर्स बनवणारी वूथीम्स ही कंपनीच विकत घेतली. सुरक्षेची दुरुस्ती मात्र मोफत वापरकर्त्यांपर्यंतही त्याच दिवशी पोहोचली पाहिजे. तेथे तडजोड नको.