घरी बांधलेल्या गाडीत सुटा बोल्ट सापडला: तो कुठला, हे कसे ओळखावे?

होटगी रोड:
नमस्कार. मारुती ८०० चे इंजिन व गिअरबॉक्स मागे बसवून मी दोन आसनांची छोटी गाडी बांधत आहे. तिची चौकोनी पाइपची चेसिस अक्कलकोट रोड एमआयडीसीतून वेल्डिंग करून घेतली आहे. काल आवारात ती पहिल्यांदाच चालवली, तेव्हा इंजिनखालच्या पत्र्यावर एक बोल्ट पडलेला आढळला. आट्यांवरची जाडी व्हर्नियरने ९.८ मिलिमीटर भरते आणि माथ्याला १४ चा पाना बसतो. गाडीत जुने सामान व दुकानातून आणलेले बोल्ट एकत्र असल्यामुळे शोध कुठून सुरू करावा, हे उमगत नाही.

जुळे सोलापूर:
जागा सापडेपर्यंत कृपया गाडी चालवू नका. हा एम-१०, म्हणजे १० मिलिमीटर व्यासाचा, बोल्ट आहे. आट्यांवरचा व्यास दहापेक्षा किंचित कमीच भरतो. हार्डवेअरच्या दुकानातल्या एम-१० ला बहुधा १७ चा पाना लागतो, जपानी घडणीच्या गाड्यांत मात्र १४ चा, त्यामुळे माझा संशय मारुतीच्या सामानावर आहे. खात्रीसाठी दहा आट्यांची लांबी मोजा: १२.५ मिलिमीटर भरली तर पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) १.२५, म्हणजे बहुतेक मूळ गाडीचा. १५ भरली तर पिच १.५, म्हणजे दुकानातला. माथ्याची खालची बाजूही उजेडात पाहा. तिथे चकचकीत कडे उमटले असेल, तर तो बांधणीच्या वेळी विसरून राहिलेला नसून सैल होऊन घासत होता.

होटगी रोड:
लांबी साडेबारा भरली, कडेही स्पष्ट आहे. गिअरबॉक्स चेसिसला धरून ठेवणाऱ्या माउंटिंग ब्रॅकेटचे तीनपैकी एक भोक रिकामे निघाले आणि उरलेल्यांपैकी एक बोल्ट चक्क बोटांनी फिरला. त्या ब्रॅकेटला मीच रंगाचे दोन जाड हात दिले होते.

विजापूर रोड:
मग कारण बहुधा तो रंगच. रंगाच्या थरावर बोल्ट आवळला, की हादऱ्यांनी थर चेपतो आणि बोल्टचा ताण निघून जातो. ब्रॅकेट जिथे टेकतो व जिथे माथा बसतो, तेथील रंग पूर्ण खरवडून काढा. तिन्ही बोल्ट नवे, त्याच मापाचे व त्याच ग्रेडचे (मजबुतीच्या दर्जाचे) घ्या, कारण उरलेल्या दोघांनी जादा भार सोसला आहे. गिअरबॉक्सचे कवच ॲल्युमिनियमचे असल्याने प्रत्येक बोल्ट आधी हातानेच पूर्ण आत न्यावा. अडला तर पाना लावू नये, आटे तपासावेत. आवळून झाल्यावर माथ्यापासून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. पुढच्या फेरीनंतर ती रेघ तुटलेली दिसली, तर बोल्ट फिरला आहे.