बोक्याने अर्धेच खाल्ले तर इन्सुलिन द्यावे का?

प्रश्न :
आमचा बोका अकरा वर्षांचा असून त्याची नसबंदी झालेली आहे. तो सतत पाणी पिऊ लागला आणि भरपूर खाऊनही दोन महिन्यांत त्याचे वजन ६.८ किलोवरून ५.६ किलोवर आले. रक्तात व लघवीत साखर आढळल्याने डॉक्टरांनी ग्लार्जिन इन्सुलिनचे १ युनिट दर बारा तासांनी टोचायला सांगितले आहे. टोचण्याची भीती आता गेली आहे. परंतु काही दिवस तो सकाळी अर्धेच खाऊन उठतो, मी साडेआठला कामावर निघते आणि संध्याकाळपर्यंत घरी कोणी नसते. अशा वेळी पूर्ण मात्रा द्यावी का? शिवाय तो मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालतो, हे इन्सुलिनमुळे होते का?

प्रतिसाद १ :
आमच्या मांजरीला आम्ही चार वर्षे इन्सुलिन दिले. सर्वांत आधी सिरिंज तपासा. ग्लार्जिनच्या १ मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात, म्हणून त्यासाठी नारिंगी टोपणाची, १०० युनिटची सिरिंज लागते. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते आणि तिच्यावर १ च्या खुणेपर्यंत ग्लार्जिन भरले तर मांजराच्या अंगात अडीच युनिट जाते. आम्हाला औषधाच्या दुकानातून लाल टोपणाची सिरिंज मिळाली होती. त्या दुपारी मांजर लडखडू लागली, तेव्हा हिरड्यांना मध चोळत आम्ही तिला दवाखान्यात नेले. तो प्रसंग मी विसरू शकत नाही, म्हणूनच हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

प्रतिसाद २ :
मी पशुवैद्य आहे. साखर एखादा दिवस वाढलेली राहण्यापेक्षा ती एकाएकी घसरणे अधिक घातक असते, त्यामुळे बोक्याने नीट खाल्ले नसेल आणि मागे घरी कोणी राहणार नसेल, तर ती एक मात्रा वगळणे सुरक्षित ठरते. मात्र किती खाल्ल्यावर किती द्यायचे हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. तो काहीच खात नसेल, उलट्या करत असेल किंवा मलूल पडला असेल, तर त्याच दिवशी तपासणी हवी, कारण रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागले की तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये) साचलेले असू शकतात.

टाचा टेकवून चालणे हे इन्सुलिनमुळे नव्हे, तर वाढलेल्या साखरेने नसांना इजा झाल्यामुळे होते. साखर आटोक्यात आली की बऱ्याच मांजरांत ते हळूहळू सुधारते. दवाखान्यातील ताणानेही मांजराची साखर बरीच वाढते, म्हणून घरी कानाच्या कडेला टोचून घेतलेल्या थेंबावर मोजणे चांगले. फक्त माणसांचा ग्लुकोमीटर मांजरांत प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो, हे ध्यानात असू द्या. कोरड्या दाण्यांऐवजी कमी कर्बोदकांचे ओले खाद्य दिल्यास काही मांजरांची इन्सुलिनची गरज पूर्णपणे संपते. पण हा बदल स्वतःहून एकदम करू नका, कारण आहार बदलला आणि मात्रा तीच राहिली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

प्रश्नकर्ती :
सिरिंजचे टोपण नारिंगीच आहे, हे आताच पाहून घेतले. उद्यापासून त्याचे जेवण आणि इन्सुलिन दोन्ही वेळेस सातला ठेवीन, म्हणजे निघण्यापूर्वी दीड तास त्याच्याकडे लक्ष देता येईल. आहाराविषयी डॉक्टरांना विचारल्याखेरीज काहीही बदलणार नाही.