मदत हवी आहे: गरम आणि गार, दोन्हींनी दात दुखतात

पाऊलवाट: चहाचा घोट घेतला की दात ठणकतात आणि फ्रिजमधले पाणी प्यायले की कळ थेट डोक्यात जाते. दातांना कीड दिसत नाही. सेन्सिटिव्हिटीची पेस्टही वापरून झाली, त्यामुळे पेस्टची नावे कृपया सुचवू नयेत. नेमके कारण काय असावे आणि लवकर गुण कशाने येईल, एवढेच हवे आहे.

माडबन: सगळे दात दुखतात की एखादाच? कळ लगेच जाते की रेंगाळते? अलीकडे दातांचे काही काम केले आहे का? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार? शिवाय या पेस्टचा गुण यायला दोन ते चार आठवडे नियमित वापर लागतो.

केतकी: माझ्या मते कारण ब्रश हेच आहे. जोर लावून आडवे घासल्याने हिरड्या मागे सरतात आणि मुळाचा भाग उघडा पडतो. तिथे इनॅमलचे कवच नसते. आतल्या डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नलिका असतात, गार-गरम लागले की त्यांतला द्रव हलतो आणि नसेला कळ जाणवते. आरशासमोर ओठ बाजूला करून हिरडीलगत नख फिरवून पाहावे. खाच असेल तर नख अडकते. मऊ ब्रश घ्यावा आणि तो पेनासारखा हलका धरावा.

वाडीकर: आमच्याकडे लवंगेचे तेल आणि मशेरी यांवर पिढ्या निभावल्या. कापसाचा बोळा दाढेवर ठेवला की ठणका बसतो.

केतकी: मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. दात दुखणाऱ्या माणसाला तो सुचवणे मला अजिबात पटत नाही. लवंगेने तो भाग तात्पुरता बधिर होतो, मूळ दुखणे आत तसेच वाढत राहते.

वाडीकर: मशेरी बाजूला ठेवू, पण लवंगेवर मी ठाम आहे. दंतवैद्य तात्पुरते भरतात त्या एका सिमेंटमध्येही लवंगेतलेच युजेनॉल असते.

शरावती: आंबट पदार्थांचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. लिंबूपाणी, कोकम सरबत, कोला किंवा पित्तामुळे तोंडाशी येणारे आंबट पाणी, यांनी इनॅमल हळूहळू झिजते. असे काही प्यायल्यावर लगेच दात घासू नयेत; साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास थांबावे.

निळाडोंगर: रूट कॅनलनंतर कॅप बसवायची असेल तर दाढेला झिर्कोनियाची घ्यावी. दिसायला चांगली असते आणि टिकतेही.

पाऊलवाट: रूट कॅनलचा विषय मी काढलेलाच नाही! माडबन यांनी विचारले म्हणून सांगते. गार पाण्याने डावीकडच्या खालच्या दातांना कळ येते आणि घोट गिळताच जाते. तिथे नख अडकते, हे आत्ताच पाहिले. गरम मात्र उजव्या दाढेलाच लागते. तिच्यात मागच्या महिन्यात सिमेंट भरले होते. चहा संपला तरी ती बराच वेळ ठणकत राहते आणि काल रात्री तर आपोआप दुखून जाग आली.

दंतवैद्य_कोकण: ही दोन वेगळी दुखणी दिसतात आणि पहिल्या मजकुरात ती एक झाली होती. डावीकडचे वर्णन उघड्या पडलेल्या डेंटिनचे आहे; तिथे केतकी यांचा सल्ला योग्य आहे आणि पेस्टला पुरेसा वेळ द्यायला हवा. उजव्या दाढेची काळजी अधिक वाटते. सिमेंट भरल्यावर काही दिवस गार लागणे सामान्य आहे, भरणे किंचित उंच राहिले तर चावतानाही दुखते आणि ते घासून कमी करता येते. परंतु गरमाने सुरू झालेली, रेंगाळणारी आणि रात्री आपोआप उठणारी कळ ही बहुधा आतली नस सुजल्याची खूण असते. दाढेला तडा गेला असेल किंवा भरण्याखाली कीड असेल, तर ती बाहेरून दिसेलच असे नाही. तपासणी आणि एक्स-रे लवकर करून घ्यावा. नस परत बरी होण्याजोगी नसेल, तर रूट कॅनल हा दाढ वाचवण्याचा उपाय आहे. गाल सुजला, ताप आला किंवा तोंड उघडेना, तर ठरलेल्या वेळेची वाट पाहू नये.

पाऊलवाट: उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. तोवर लवंगेचे तेल चालेल का?

दंतवैद्य_कोकण: बोळ्यावर अगदी थोडे घेऊन फक्त दाढेला लावावे, हिरडीला लागल्यास ती भाजल्यासारखी होते. उजवीकडून चावू नये आणि गरम टाळावे. काल रात्री जाग आली होती, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.