दुसरं कधी? (किंवा पहिलं) : तुमचे अनुभव लिहा

चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना यंदाही आतेसासूबाईंनी विचारलंच, "दुसरं कधी?" माझी मुलगी सहा वर्षांची आहे. हसून विषय टाळला, पण रात्री नवऱ्याला म्हटलं, खरं कारण आपल्याला तरी ठाऊक आहे का? पैसे म्हणावेत तर दोघांचे पगार आहेत. मुलं आवडत नाहीत असंही नाही. कारण आहे दुपारचे दीड. शाळा सुटते आणि घरी कोणी नसतं. एकीसाठी शेजारीण, पाळणाघर, रिक्षावाले काका अशी साखळी कशीबशी जुळवली. परत जुळवायची ताकद नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २.० होता, गोव्याचा १.३. त्या दशांशात आपणच आहोत ना? हवं, नको, थांबलोय, जमलं नाही, काहीही लिहा. सल्ले मात्र नकोत.

डिचोलीकरीण:
लग्न २०१६ चं. नवऱ्याचा ट्रक खाणीवर. २०१२ ची बंदी उठल्यावर खाणी पुन्हा चालू झाल्या, त्या भरवशावर कर्ज काढून घेतलेला. दोन वर्षं जाऊ देत, मग बाळ, असं ठरलं होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चमध्ये खाणी थांबल्या. ट्रक अंगणात, हप्ता चालू. त्या वर्षी एकदा पाळी लांबली तर मी नवस बोलले. होऊ दे म्हणून नाही, नसू दे म्हणून. हे आजवर आईलाही सांगितलेलं नाही. शेवटी ट्रक तोट्यात विकला, नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर लागला. पगार कमी, पण एक तारखेला येतो. मुलगा २०२१ चा. लोक म्हणतात उशीर केलात. बँकेला विचारा म्हणावं.

तारवटीची बायको:
नऊ महिने बोटीवर, दोन-तीन महिने घरी. तो आला की अख्खा वाडा बोटं मोजायला लागतो! पहिल्या बाळंतपणाच्या वेळी त्याच्या बोटीवर नेटवर्क नव्हतं, मुलगी झाल्याचं तिसऱ्या दिवशी कळलं. दुसरं हवंय मला. पण तो जमिनीवर असेल तर.

बी शिफ्ट:
वेर्ण्याला एका कंपनीत होते, नाव नको. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघरही हवं. मी काँट्रॅक्टवर. सातव्या महिन्यात काँट्रॅक्ट संपलं, पुढचं आलंच नाही. कागदोपत्री मला कोणी काढलेलं नाही. आता दुसरीकडे आहे, पर्मनंट व्हायची वाट बघतेय. वय ३४. डॉक्टर म्हणतात पस्तिशीनंतर कठीण होत जातं, साहेब म्हणतात पुढच्या एप्रिलात बघू.

बांबोळीच्या फेऱ्या:
आम्ही 'आधी फ्लॅट' म्हणत थांबलो. फ्लॅट झाला, मूल होईना. खासगीतला आयव्हीएफचा खर्च फ्लॅटच्या हप्त्यांसोबत झेपणारा नव्हता. २०२३ मध्ये बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, जीएमसीत, ते मोफत सुरू झालं, तेव्हा नाव घातलं. फेऱ्या चालू आहेत. हा सल्ला नाही हं.

नकोच:
मला नको, नवऱ्यालाही नको. सासूबाईंनी देवळात कौल घ्यायला मूर्तीवर प्रसाद लावला, उजवा पडला, म्हणजे हो. देवाचा होकार आहे, आमचा नाही.

एक सासू:
सासवांनी लिहिलं तर चालेल? मला तीन मुली. तिसरी मुलगा होईल म्हणून. तेव्हा मला कोणी 'हवं का' असं विचारलं नव्हतं, म्हणून असेल, मीही सुनेला फक्त 'कधी' एवढंच विचारत आले. परवा ती म्हणाली, आई, तुमचे गुडघे दुखतात, मग सांभाळणार कोण? मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेशनची तारीख घेतलीय. एकाच गुडघ्याची, आधी.