शब्दचर्चा: सोडचिठ्ठी, फारकत, कौल आणि ब्रेक्झिट

नाशिककर
नमस्कार मंडळी. राज्यशास्त्राच्या पदवी वर्गासाठी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं त्यावर एक पाठ मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. घटनाक्रम जुळवून झाला, अडलंय ते शब्दांपाशी. जुनी कात्रणं काढून बसले, तर एकाच घटनेला काडीमोड, घटस्फोट, सोडचिठ्ठी, फारकत, माघार, विलगीकरण असं काय काय म्हटलेलं. 'रेफरेंडम'ला कुठे सार्वमत, कुठे जनमत, कुठे जनादेश. मुलांना यातला कुठला शब्द द्यावा? सगळे एकाच अर्थाचे नाहीत हे जाणवतं, पण फरक नेमका सांगता येत नाही.

लेस्टरकर
ताई, फरक आहे आणि तो पाठात यायलाच हवा. मी तेव्हा इथेच होतो आणि २०१६ च्या मतदानात संघात राहण्याच्या बाजूने मत दिलं होतं. माझा कल आधीच सांगून टाकतो.

काडीमोड आणि घटस्फोट हे दोन्ही शब्द पाठातून काढून टाका असं माझं स्पष्ट मत आहे. काडीमोडीत पंचांसमोर काडी मोडली की संबंध तिथेच संपला. घटस्फोटाचा जुना अर्थ तर जातीबाहेर टाकण्याचा आहे: ज्याला वाळीत टाकायचं त्याच्या नावाने घडा फोडत. म्हणजे घडा फोडणारे मागे राहिलेले लोक, जाणारा नव्हे. ब्रिटनला कुणीही हाकललं नव्हतं. लग्नाची ही भाषा इंग्रजी वर्तमानपत्रांतून आली. संघाची जी देणी चुकती करायची होती त्यांना त्यांनी 'डिव्होर्स बिल' म्हटलं आणि आपण ते तसंच उचललं. नवरा-बायकोचं रूपक आलं की वाचक लगेच चूक कुणाची ते शोधायला लागतो.

सोडचिठ्ठी मात्र एका तारखेला तंतोतंत बसते. २९ मार्च २०१७. लिस्बन कराराच्या कलम ५० प्रमाणे बाहेर पडू पाहणाऱ्या देशाने आपला इरादा युरोपीय परिषदेला कळवायचा असतो आणि तिथून दोन वर्षांची मुदत सुरू होते. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी सही केलेलं सहा पानी पत्र राजदूत टिम बॅरो यांनी ब्रसेल्सला त्या परिषदेचे अध्यक्ष डोनाल्ड टस्क यांच्या हातात दिलं. चिठ्ठी लिहिली, सही झाली, हातोहात पोचली. पण त्या दिवशी ब्रिटन बाहेर पडलं नाही. पडलं ते ३१ जानेवारी २०२० रोजी. मधली जवळजवळ तीन वर्षं हाच खरा तुमचा पाठ आहे. 'ब्रिटनने सोडचिठ्ठी दिली' असं एका वाक्यात लिहिलंत तर ती तीन वर्षं गायब होतात.

बाहेर पडण्याच्या कराराला, म्हणजे 'विथड्रॉअल ॲग्रीमेंट'ला, फारकतीचा करार म्हणावं. आज फारकत म्हणजे नुसता दुरावा असं वाटतं, पण जुन्या कागदांत फारखत किंवा फारखती म्हणजे हिशेब चुकता झाल्याचा, आता देणं-घेणं उरलं नसल्याचा लेखी दस्त. त्या करारात नेमकं तेच होतं: ब्रिटनने आधी कबूल केलेली देणी (मे सरकारचा अंदाज ३५ ते ३९ अब्ज पौंड), एकमेकांच्या भूमीवर राहणाऱ्या नागरिकांचे हक्क आणि आयर्लंडची सीमा. 'माघार'ला लढाईत हरल्याचा वास येतो. 'विलगीकरण' करोनानंतर दवाखान्यातून परत आणता येणार नाही.

बर्मिंगहॅमकर
काडीमोड नको, मान्य. पण लेस्टरकर, तुमची सगळी यादी मागे राहिलेल्यांच्या बाजूने बघते. सोडलं, तोडलं, फारकत घेतली. मी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं आणि मला हे करताना काही तोडतोय असं वाटलं नव्हतं. आमच्या बाजूची घोषणा होती 'टेक बॅक कंट्रोल'. तिचं मराठी 'नियंत्रण परत घ्या' असं छापून आलं होतं, ते निर्जीव आहे. 'कारभार पुन्हा आपल्या हाती' म्हणा, मग कळेल की लोक का हलले. कायदा वेस्टमिन्स्टरने, म्हणजे ब्रिटनच्या संसदेने करायचा आणि त्यावर शेवटचा शब्द लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाचा, हे कित्येकांना खुपत होतं. ते सगळे परक्यांचा द्वेष करणारे नव्हते.

आणि आपल्या लोकांचं एक खास दुखणं होतं. पुण्याहून यायचं तर व्हिसा, पगाराची अट, कंपनीची हमी. युरोपातून येणाऱ्याला यातलं काहीच नाही. मे २०१६ मध्ये तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल यांनी करी हाउस (आपल्याकडच्या जेवणाची हॉटेलं) वाचवण्याची मोहीम काढली, ती याच दुखण्यावर बोट ठेवून: युरोपचं दार बंद झालं तर दक्षिण आशियातून आचारी आणता येतील. बर्मिंगहॅमसारख्या मिश्र वस्तीच्या शहरात ५०.४ टक्के मतं बाहेर पडण्याला मिळाली. तो आकडा मुलांना जरूर द्या.

'जनादेश' शब्दाबद्दलही माझा आग्रह आहे. सरकारने घरोघरी पत्रक पाठवलं होतं. त्यात साफ लिहिलं होतं की निर्णय तुमचा आहे आणि तुम्ही जो घ्याल तो सरकार अमलात आणेल. मग तो आदेश नाही तर काय?

लेस्टरकर
तुमचं दुखणं खरं होतं, त्यावर वाद नाही. २०२१ च्या नव्या नियमांनंतर भारतीयांना काम-शिक्षणाचे व्हिसा पूर्वीपेक्षा खूप जास्त मिळाले, हेही खरं. पण 'जनादेश' मी लिहू देणार नाही. २०१५ च्या ज्या कायद्याने हे मतदान झालं त्यात निकाल सरकारवर बंधनकारक असल्याचं कुठेही नव्हतं. म्हणूनच २४ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की कलम ५० ची चिठ्ठी पाठवायची तर संसदेचा कायदा लागेल. पत्रकातलं वचन राजकीय होतं, कायद्याचं नव्हतं. तुम्ही जनादेश म्हणता, आमच्याकडचे सल्ला म्हणत होते. पाठाने यातली एकच बाजू घेऊ नये.

नाशिककर
मग 'सार्वमत' ठेवू का? विद्यापीठात तोच चालतो. माझी अडचण एवढीच की मुलं त्याचा अर्थ 'सर्वांचं मत' असा लावतात. इथे तर बाहेर पडण्याला ५१.९ आणि राहण्याला ४८.१ टक्के.

म्हापसेकर
कौल म्हणा. जनमत कौल. हा शब्द आम्ही गोव्यात कोशातून घेतलेला नाही, तो आमच्यावरून गेलेला आहे.

१६ जानेवारी १९६७ ला गोव्यात मतदान झालं: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष विलीनीकरणाच्या बाजूने, युनायटेड गोवन्स पक्षाचे जॅक सिक्वेरा विरोधात. १,७२,१९१ मतं दोन पानांना, १,३८,१७० फुलाला. त्या दिवसाला आम्ही आजही जनमत कौलच म्हणतो. घराघरांत, भावाभावांत फूट पडली होती. मराठीवर जीव असलेल्या कितीतरी माणसांना तो निकाल आयुष्यभर सलला, कोंकणीवर जीव असलेल्यांनी तो सण मानला. म्हणून ब्रिटनमधलं भांडण वाचताना मला ते परकं वाटत नाही.

आता मूळ शब्द बघा. देवळात कौल लावतात तेव्हा गुरव मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देव उत्तर देतो ते एवढंच. म्हणून जुनी माणसं प्रश्न काय विचारायचा यावरच जास्त वेळ घालवत. प्रश्न मोघम असला तर पाकळी पडली तरी घरी येऊन वाद उरतोच.

आमच्या १९६७ च्या प्रश्नात दोन्ही बाजू डोळ्यांसमोर होत्या. महाराष्ट्र कसा आहे ते ठाऊक होतं, केंद्रशासित प्रदेश काय असतो तेही लोक जगत होते. २३ जून २०१६ ला ब्रिटनने एक माहीत असलेली स्थिती आणि एक नुसतं क्रियापद समोरासमोर ठेवलं. राहा किंवा सोडा. सोडून कुठे उभं राहायचं, ते मतपत्रिकेवर नव्हतं.

लेस्टरकर
म्हापसेकर, हे मी इतक्या वर्षांत कुठे वाचलं नव्हतं. त्याला एक जोड देतो. १९७५ च्या जूनमध्ये ब्रिटनने असाच कौल घेतला होता, तेव्हा उत्तर होय किंवा नाही असं होतं आणि ६७ टक्के लोकांनी राहू या म्हटलं. २०१५ मध्येही सरकारला होय-नाहीच हवं होतं. निवडणूक आयोग म्हणाला, 'होय'चा फायदा एका बाजूला मिळतो, दोन्ही पर्याय शब्दांत लिहा. म्हणून 'रिमेन' आणि 'लीव्ह' आले. न्याय्य करायला गेले आणि 'लीव्ह' हा एक शब्द पुरी साडेतीन वर्षं सगळ्यांनी आपापल्या अर्थाने वापरला. मे यांनी 'ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट' म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या, पण त्यातून अर्थ काही निघाला नाही.

नाशिककर
'सिंगल मार्केट' आणि 'कस्टम्स युनियन' यांत मी स्वतःच गोंधळते. कात्रणांत दोन्हींना 'सामायिक बाजारपेठ' म्हटलंय.

लेस्टरकर
तोच घोळ इथल्या कितीतरी मतदारांचाही होता. एकल बाजारपेठ म्हणजे मालाचे, सेवांचे नियम सगळीकडे एक आणि माणसाला कुठेही जाऊन काम करण्याची मुभा. जकात संघ म्हणजे आपसात जकात नाही आणि बाहेरच्या मालावर सगळ्यांची जकात एकच. त्यामुळे एकट्या देशाला बाहेर कुणाशी जकातीचा स्वतंत्र करार करता येत नाही. नॉर्वे पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही. तुर्कस्तान दुसऱ्यात आहे (शेतमाल सोडून), पहिल्यात नाही. दोघेही युरोपीय संघाचे सदस्य नाहीत. म्हणजे 'सोडणं' किमान तीन-चार तऱ्हांनी करता येतं. 'सीमाशुल्क संघ' म्हटलंत तरी चालेल, जकात म्हटलं की जुन्या पिढीला नाका आठवतो.

आता संसद बघा. १५ जानेवारी २०१९ ला मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ असा पडला. तो पाडणाऱ्यांत राहायचं म्हणणारे होते आणि पुरतं तोडायचं म्हणणारेही. २७ मार्चला आठ पर्याय मताला टाकले, आठही पडले. १ एप्रिलला जकात संघात राहण्याचा पर्याय २७३ विरुद्ध २७६, फक्त तीन मतांनी गेला. पाकळी पडून तीन वर्षं होत आली होती आणि सभागृह अजून ती कुठल्या बाजूची यावर बोलत होतं. ते खासदार मूर्ख नव्हते. लोकांनी त्यांना जे उत्तर दिलं होतं त्यात एवढंच होतं. 'हार्ड' आणि 'सॉफ्ट' ब्रेक्झिटला 'कडक' आणि 'मऊ' लिहू नका. पुरती फारकत, अर्धी फारकत म्हणा.

बर्मिंगहॅमकर
'पुरती फारकत'ला आमच्याकडे 'क्लीन ब्रेक्झिट' म्हणत. 'हार्ड' हा शब्द विरोधकांचा. तळटीप द्या तेवढी. आणि जकात संघाबाहेर पडल्यामुळेच भारत आणि ब्रिटनचा व्यापार करार २४ जुलै २०२५ ला होऊ शकला, हेही लिहा. आत राहून तो एकट्या ब्रिटनला करता आला नसता.

लेस्टरकर
बरोबर आहे, लिहायलाच हवं. सोबत उत्तर आयर्लंडही लिहा. तिथे ५५.८ टक्के लोकांना राहायचं होतं. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर आयर्लंडच्या प्रजासत्ताकाशी असलेल्या ज्या सीमेवरून माणसं न थांबता जात होती, तिथे पुन्हा नाके नकोत म्हणून शेवटी मालाची तपासणी ग्रेट ब्रिटनचं बेट आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये आली. म्हणजे एका देशाच्या आत. 'बॅकस्टॉप'ला मी 'राखीव तजवीज' म्हणेन: दुसरं काही जमलं नाही तरच लागू होणारी.

म्हापसेकर
पाठात एक चौकट आमच्या लोकांसाठी ठेवा. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं. त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार स्विंडन, साउथॉलला गेले, कारण पोर्तुगाल युरोपीय संघात. २०१६ च्या कौलात राष्ट्रकुलातल्या देशांचे तिथे राहणारे नागरिक मत देऊ शकत होते, युरोपीय नागरिक नाही (आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडून). म्हणजे स्विंडनच्या एकाच घरात भारतीय पासपोर्टवाल्याला मत होतं आणि पोर्तुगीज पासपोर्टवाल्या चुलतभावाला नव्हतं. ज्याच्या राहण्याचा प्रश्न होता त्यालाच विचारलं नाही. स्विंडनने बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं. मग तिथे राहत राहायचं तर ३० जून २०२१ च्या आत 'सेटल्ड स्टेटस'साठी अर्ज करा, पाच वर्षं भरली नसतील तर 'प्री-सेटल्ड' घ्या, ही धावपळ. याला 'स्थायिक दर्जा' आणि 'तात्पुरता स्थायिक दर्जा' म्हणा, 'कायम वास्तव्य' म्हणू नका, तो वेगळा परवाना आहे.

नाशिककर
चौकट नक्की घेते. रेफरेंडमला 'जनमत कौल' आणि कंसात 'सार्वमत', म्हणजे परीक्षेत मुलांची अडचण होणार नाही. एक शेवटचं: ब्रेक्झिट की ब्रेग्झिट?

लेस्टरकर
इंग्रजीत दोन्ही उच्चार चालतात, इथल्या बातम्यांतही दोन्ही ऐकू येतात. मराठी छापील मजकुरात 'ब्रेक्झिट' जास्त रुळलाय. तोच ठेवा आणि पाठभर एकच ठेवा.