मदत हवी आहे : स्टेरॉइडची गोळी अचानक बंद करू नये, हे नातेवाइकांना कसे समजवावे?

सप्रेम नमस्कार. मी इंदूरमधील एका खासगी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात परिचारिका आहे. गेल्या आठवड्यात रामबागेतल्या एक आजी उलट्या आणि कमालीच्या थकव्यामुळे दाखल झाल्या. रात्रपाळीत मी पाहिले तेव्हा रक्तदाब ८४/५०, साखर ६२ आणि हातपाय गार होते. त्यांच्या पिशवीतली औषधे चाळताना प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळीची अर्धवट पट्टी सापडली. सांधेदुखीसाठी दोन वर्षे चालू असलेली ही गोळी, स्टेरॉइड वाईट असते असे ऐकून, सुनेने आठ दिवसांपूर्वी बंद केली होती. डॉक्टरांना लगेच कळवले. हायड्रोकॉर्टिसोन (हेही स्टेरॉइडच) १०० मिलिग्रॅम आणि सलाइन शिरेतून दिल्यावर पहाटेपर्यंत रक्तदाब सावरला. (दाखल करतेवेळी औषधांची नोंद आमच्याकडूनच अपुरी राहिली होती, हेही खरे.)

बाहेरून दीर्घकाळ स्टेरॉइड मिळाले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून येणारा एसीटीएच या संप्रेरकाचा संदेश मंदावतो आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल (रक्तदाब व साखर टिकवणारे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड) तयार करण्याचे काम जवळपास सोडून देतात, हे मला ठाऊक आहे; पण सुनेला ते घरगुती शब्दांत सांगताना मी अडखळले, आणि नुसत्या 'गोळी सोडू नका' एवढ्याने तिचे समाधान झाले नाही.

आपण डिस्चार्जच्या वेळी हे कसे सांगता? ताप आला किंवा गोळी उलटून पडली तर काय करावे, हे सांगणारे मराठी वा हिंदी पत्रक कोणी वापरत असल्यास कृपया नमुना द्यावा.