मदत हवी आहे: चार घरभाषांची मुलं एका बालवाडीत, नव्या शिक्षिकांची तयारी कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या बालवाडीचं काम मी बघते. जूनपासून तिघी नव्या बाई रुजू होणार आहेत. तिघीही मनापासून काम करणाऱ्या आहेत, पण वर्गातली सगळी मुलं एकच भाषा बोलतात असं गृहीत धरूनच त्यांचं प्रशिक्षण झालंय. आमच्याकडे गावातली मराठी मुलं आहेत, घरी दख्खनी उर्दू बोलणारी आहेत, जांबोटीच्या रानाकडून खाली आलेल्या गवळी-धनगरांची आहेत. दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटल्या की कन्नड कुटुंबांतली मुलं येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर निघून जातात. म्हणजे वर्ग जरा रुळला की मध्येच नवी मुलं!

यांतली एक बाई गेल्या हिवाळ्यात सरावासाठी आमच्याकडे होती, तेव्हाचं सांगते. भट्टीवरचा साधारण चार वर्षांचा मुलगा, वर्गात तोंडातून चकार शब्द काढत नव्हता. बाईंनी चिंचोके वाटायला दिले. त्याने प्रत्येक मुलासमोर एकेक ठेवला. हातात एक उरला. तो थांबला, ओळीवरून नजर फिरवली, उठून दाराबाहेर डोकावला. तिथे एक मुलगी हात धूत होती. परत येऊन त्याने तिच्या रिकाम्या जागेवर तो चिंचोका ठेवला. संध्याकाळी नोंदवहीत वाचलं: "बोलत नाही. संख्या येत नाही."

मी त्या बाईंना दोष देत नाही. संख्या येणं म्हणजे एक ते दहा म्हणून दाखवणं, हेच त्यांना शिकवलेलं. पण अशी नोंद पहिलीपर्यंत मुलाच्या मागे लागते, आणि मला तेच नकोय.

आमच्या मराठी मुलांचंही तेच. एखादं पोर "बाई, मी येऊलालो तवा..." म्हणून गोष्ट सांगायला लागलं की नव्या बाई आधी क्रियापद दुरुस्त करतात. पोर गप्प बसतं, गोष्ट तिथेच संपते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वय 3 ते 8 हा पायाभूत टप्पा मानलाय आणि घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिलाय. पण चार घरभाषा समोर बसल्या असताना सोमवारी सकाळी वर्गात नेमकं काय करायचं, हे नव्या बाईंना कोणी दाखवलेलं नाही. आपण सीमाभागातली मराठी माणसं घटनेचं कलम 350अ, म्हणजे भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं हे, हक्काने सांगतो आणि सांगायलाच हवं. मग आमच्याच वर्गातल्या कन्नड मुलीला तिची भाषा दाराबाहेर ठेवायला लावायची, हे मला अजिबात पटत नाही.

पालकांचा एबीसीडीचा आग्रह आहेच, तो मी बघून घेईन. मला हवंय ते इतकंच: मे महिन्यात या तिघींकडून नेमकं काय करून घ्यावं? व्याख्यान नको. आणि शांत मुलाची नोंद कशी लिहायला शिकवावी?

प्रतिसाद १
ताई, आम्ही चिकोडीकडे हे करतो. पहिल्याच दिवशी नव्या शिक्षिकांना अर्धा तास त्यांना न येणाऱ्या तेलुगूतून शिकवतो. गाणं, गोष्ट, मग प्रश्न, आणि उत्तर आलं नाही की पाटीवर शून्य. नंतर तोच पाठ वस्तू दाखवून, हावभाव करून पुन्हा घेतो. मग त्यांनाच विचारतो, तुम्हाला कधी कळायला लागलं? दुसऱ्या दिवशी त्यांना वस्तीवर पाठवतो. प्रत्येकीने एका आजीकडून एक बडबडगीत शिकून यायचं, मग ते कन्नड असो, उर्दू असो. जूनमध्ये ते वर्गात म्हटलं की त्या घरचं पोर मान वर करतंच.

प्रतिसाद २
नवी भाषा कानावर पडत असताना मूल काही महिने न बोलणं स्वाभाविक आहे. फक्त आईला विचारा, घरी बोलतो का? घरीही बोलत नसेल तर कान तपासून घ्या. अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वर्षातून दोनदा तपासणी असते, त्या पथकाला दाखवा. आणि ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम या तिघींना जरूर सांगा. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या वस्तीतल्या अंगणात जाऊन बसल्या, शंखशिंपले, बिया, पानं हेच साहित्य केलं. तुमच्याकडे तर खानापूरची कुंभारकामाची माती आहे. ती हातात द्या, बोलणं मागाहून येतं.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. तेलुगूचा तास आणि आजीचं गाणं नक्की घेणार. मातीकाम आम्ही शनिवारीच घेत होतो, आता रोज घेऊ. नोंदवहीचं असं ठरवतेय की "येत नाही" हे शब्दच लिहायचे नाहीत. मुलाने हाताने काय केलं आणि कुणाबरोबर केलं ते लिहायचं, आणि भाषेचा रकाना वेगळा ठेवायचा. कुणाकडे अशी वही वापरात असेल तर एखाद्या पानाचा फोटो टाका, मुलांची नावं झाकून. भट्टीवरून मध्येच येणाऱ्या मुलांचा पहिला आठवडा तुम्ही कसा घेता, तेही सांगा.